रजा संपत आलीय आणि लेकीची पहिली दिवाळी तोंडावर

पत्र (थोडक्यात): ताई, आम्ही वाकडला राहतो. मुलगी 20 मे ला झाली, आता साडेचार महिन्यांची आहे. सासूबाई सध्या आमच्याकडेच आहेत, दिवाळीला सगळे सांगलीला जाणार. माझी रजा नेमकी भाऊबीजेला, 11 नोव्हेंबरला संपते आणि 16 ला ऑफिस जॉइन करायचंय. सगळे म्हणतात हे दिवस परत येत नाहीत, एन्जॉय कर. मी घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंतची लिस्ट केलीय, नऊ रंगांचे नऊ फ्रॉक, कोजागिरी, किल्ला, फोटोशूट, फराळ, सगळं. पण लिस्ट बघितली तरी रडू येतं. नवरा म्हणतो तू घरीच तर आहेस, हळूहळू होईल. त्यात ही ऑक्टोबर हीट, बाळ दिवसभर किरकिर करतं, सासूबाई म्हणतात तिला पाणी पाज. फटाक्यांची धास्ती वेगळीच. मला काहीच एन्जॉय होत नाहीये, मी वाईट आई आहे का? ता. क. आकाशकंदील घरी करायचं मनात होतं, करू की विकत आणू?

उत्तर: अगं, वाईट आई बिई काही नाही, तू झोप न झालेली आई आहेस. तू सोबत पाठवलेली ती लिस्ट मी चहा घेता घेता मोजली, 23 गोष्टी आहेत. 23! त्यातल्या साडेचार महिन्यांच्या बाळाला कळतील अशा किती, म्हणून परत वाचली, तर मला दोन सापडल्या. दिवे आणि माणसांचे चेहरे. बाकीच्या 21 गोष्टी व्हॉट्सअप ग्रुपसाठी आहेत किंवा त्या कुणा मैत्रिणीच्या रीलमधून तुझ्याकडे आल्यात, खरं की नाही ते तूच सांग.

मी हे शहाणपण वरून सांगत नाहीये हं. माझी लेक 1999 च्या श्रावणातली, दिवाळीला तीन महिन्यांची होती, आणि मी ठरवलं होतं की बाळंतपण झालं म्हणून आपलं काही अडत नाही हे सगळ्यांना दाखवायचंच. चकलीची भाजणी मीच भाजली, मीच दळून आणली, आणि धनत्रयोदशीच्या दुपारी ती आत पाळण्यात रडतेय आणि माझ्या चकल्या तेलात विरघळतायत, मोहन जास्त झालं होतं, एकामागून एक घाणा वाया, आणि मी तिला उचलायचं सोडून तिसरा घाणा टाकतेय. त्या दिवाळीतलं मला आज काय आठवतं विचारशील तर फराळ नाही, रांगोळी नाही. आठवते ती त्याच संध्याकाळची अर्धा-पाऊण तासाची गोष्ट, मी वैतागून गॅस बंद केला, गॅलरीत चटई टाकली आणि तिला शेजारी घेऊन आडवी झाले. वर कंदील लावलेला होता आणि वाऱ्याने त्याच्या झिरमिळ्या हलत होत्या, भिंतीवर त्यांच्या सावल्या, आणि ही बया डोळे विस्फारून त्या सावल्यांकडे बघतेय, पाय झाडतेय, मधेच माझ्याकडे वळून बघतेय की तूपण बघतेयस ना म्हणून. बास, एवढंच. ते मी ठरवलेलं नव्हतं.

म्हणून लिस्टीला कात्री लाव. प्रत्येक सणाची एकच गोष्ट ठेव, आणि ती तुला आवडणारी ठेव, कारण पोरीला यातलं काही आठवणार नाहीये, आठवणार ते तुला.

नऊ फ्रॉक पहिले उडव. हे नवरात्राचे नऊ रंग काही पोथीत लिहिलेले नाहीत, वर्तमानपत्रांनी वीसेक वर्षांपूर्वी सुरू केलेली गंमत आहे, छान आहे, ऑफिसात बायका एका रंगात दिसतात तेव्हा मलाही बरं वाटतं, पण त्यासाठी नायलॉनच्या झालरी लावलेला फ्रॉक त्या पोरीला या उकाड्यात घालायचा म्हणजे घामोळ्यांना आमंत्रण. जुन्या सुती साडीची झबली घाल. सोसायटीत भोंडला असेल तर त्याला मात्र जा, आणि एकटी जा. तासभर बाप सांभाळेल. हत्तीभोवती फेर धर, खिरापत ओळखताना आरडाओरडा कर, घामाघूम होऊन घरी ये. मला वाटतं तुझ्या अख्ख्या लिस्टीत तुझ्यासाठी म्हणून ही एक गोष्ट असायला हवी होती आणि तीच नव्हती.

कोजागिरीचं तू लिहिलंयस की रात्री बारापर्यंत बाळाला कसं जागं ठेवू. अगं, कशाला ठेवतेस? पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळतो त्याच सुमाराला उगवतो, सहा-साडेसहाला पूर्वेकडे बघितलंस तर बिल्डिंगांच्या मधून मोठाच्या मोठा केशरी गोळा वर येताना दिसेल, आणि माझ्या मते तो बाराच्या चंद्रापेक्षा दसपट देखणा असतो. तेव्हा गच्चीवर जा, तिला खांद्याशी उभी धर, पाठ अंगाला टेकून तोंड चंद्राकडे. या वयाला लांबचं दिसायला लागलेलं असतं. कदाचित ती चंद्र सोडून पाण्याच्या टाकीवरच्या कावळ्याकडे बघेल, बघू दे. आठला तिला झोपव आणि मग बाराला तू नि नवरा आटवलेलं दूध घेऊन निवांत बसा. बाळाला मात्र त्या मसाला दुधाचं बोटसुद्धा चाटवायचं नाही, गाईम्हशीचं दूध वर्षाच्या आत प्यायला द्यायचं नसतं. आणि कुणी म्हणालं की जायफळ उगाळून दे, छान झोपते, तर हसून विषय बदल. जायफळाने झोप येते म्हणजे गुंगीच येते, आणि तान्ह्या बाळाला किती म्हणजे जास्त हे कुणालाच मोजता येत नाही.

आता पाणी. इथे मी सासूबाईंच्या विरोधात आणि तुझ्या बाजूने आहे, अगदी ठाम. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणी नाही, ऑक्टोबर असो नाहीतर मे. आईच्या दुधात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. उकाड्यात बाळ जास्त वेळा मागतं, थोडं थोडं पितं, ती त्याची पाणी पिण्याचीच पद्धत आहे. पाणी पाजलं की पोट भरतं आणि दूध कमी जातं. पाणी तू पी, पाजायला बसशील तेव्हा शेजारी तांब्या भरून ठेव. तिला पुरतंय की नाही ते लंगोट सांगतात, दिवसाला सहा-सात ओले होत असतील तर काळजी नको. लघवी कमी आणि पिवळीधमक झाली, टाळू खोल गेल्यासारखी वाटली, बाळ मलूल पडलं, तर डॉक्टर.

किरकिरीचं कारण बहुतेक उकाडाच आहे. पाऊस माघारी जातो, आभाळ स्वच्छ होतं, ऊन थेट येतं आणि जमीन अजून ओली, त्यामुळे हे चिकट उकडणं, पुण्यात दुपारी 32-33 आणि वारा म्हणून नाही. आपण मोठी माणसंच तेव्हा भांडायला उठतो. दुपारी बारा ते चार तिच्याकडून कसलीही अपेक्षा ठेवू नकोस, फोटोशूट तर नाहीच नाही. पंखा लाव, एकच सुती झबलं, पावडर अजिबात नको, मानेच्या नि जांघेच्या घड्या ओल्या फडक्याने टिपून कोरड्या कर. आणि डासांना विसरू नकोस, हे दिवस डेंग्यूचे आहेत, तो डास दिवसा चावतो, म्हणून दिवसाच्या झोपेलाही मच्छरदाणी. कॉइल नको, धूर नको. ताप आला तर दिवाळी चालूय म्हणून घरी बसून राहू नका.

पण या ऋतूची खरी मजा सकाळी असते आणि ती तुला फुकट मिळतेय, कारण तुझं बाळ साडेपाचला उठतं असं तू रडत रडत लिहिलंयस. अगं, साडेपाचला उठणारं बाळ ऑक्टोबरात देवाने पाठवलेलं असतं! (जानेवारीत हेच म्हणणार नाही मी.) उठली की पाज, कापड गुंडाळ आणि खाली जा. वाकडच्या सोसायट्यांमध्येही एखादा प्राजक्त असतोच, कंपाउंडच्या कडेला, वॉचमनच्या केबिनमागे वगैरे, शोध. सहा-सव्वासहाला त्याच्याखाली सडा पडलेला असतो. तिथे ओढणी अंथरून तिला पोटावर ठेव. ती डोकं उचलून ती पांढरी फुलं आणि केशरी देठ बघेल, मूठ मारेल, एखादं फूल मुठीत सापडेल, आणि ते सरळ तोंडाकडे जाईल, तिथे तू असायला हवंस. फुलं गोळा करायला येणाऱ्या आजी दोन मिनिटं थांबतील, नाव विचारतील, अधिक महिन्यातली का म्हणतील. साडेसातला घरी. दिवसात हे एवढं झालं तरी तुझा त्या दिवसाचा कोटा पूर्ण, बाकी दिवसभर तू नुसती लोळलीस तरी चालेल. आणि हो, नोव्हेंबर लागला की पहाटे 15 च्या आसपास उतरतं, तेव्हा टोपी नि मोजे घाल, पण ऊन वर आलं की काढ. सासूबाई दुपारी पण टोपी घालतील, तेव्हा भांडायचं नाही, त्यांचा हात हातात घेऊन बाळाच्या मानेमागे लावायचा, मान घामेजली असेल तर त्यांनाच कळेल.

सासूबाईंबद्दल अजून एक. तू पत्रात काजळ, घुटी, धुरी, कानात तेल अशा चार तक्रारी केल्यात आणि चारही ठिकाणी तू बरोबर आहेस. काजळात शिसं असू शकतं, धुरीचा धूर त्या इवल्या फुफ्फुसांना सोसत नाही, कानात-नाकात तेल नकोच. पण चार गोष्टींना नाही म्हणताना कुठेतरी मोठ्ठं हो म्हण. मालिश पूर्ण त्यांच्याकडे दे. मी तर म्हणेन त्या वेळी खोलीत थांबूसुद्धा नकोस. साध्या खोबरेल तेलाने आजी मांडीवर घेऊन चोळतेय आणि नात हुंकार देतेय, हा त्यांचा दोघींचा सण आहे. आणि नाही म्हणायचं ते डॉक्टरांच्या तोंडून म्हणव, पुढच्या व्हिजिटला सासूबाईंना बरोबर ने आणि त्यांनाच प्रश्न विचारू दे. आमच्या घरात घुटीचा वाद मी वर्षभर जिंकू शकले नव्हते, तो डॉक्टरांच्या एका वाक्यात संपला.

नवऱ्याचं "घरीच तर आहेस". याला उत्तर भांडण नाही, शनिवार आहे. एक शनिवार सकाळी आठ ते दुपारी दोन तू माहेरी जा किंवा मैत्रिणीकडे जा, दूध काढून फ्रीजमध्ये ठेव, आणि फोन उचलू नकोस, अगदी लागला तरच उचल. सासूबाईंना आधी विश्वासात घे की त्यांनी त्या दिवशी मदतीला धावायचं नाही. दोनला घरी आल्यावर तू काही बोलू नकोस, तो बोलेल. ही तालीम तशीही करायचीच आहे, 16 तारखेनंतर तेच होणार आहे. काढलेल्या दुधाचं लक्षात ठेव, बाहेर चार तास टिकतं असं म्हणतात ते गार खोलीत, आपल्या ऑक्टोबरात थेट फ्रीज, तिथे चार दिवस. आणि ऑफिसला आत्ताच मेल टाकून विचार, 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा कायद्यानेच आहे, लोक विचारत नाहीत म्हणून कुणी सांगत नाही.

सांगलीला जरूर जा, पण शुक्रवारी संध्याकाळी निघू नका, धनत्रयोदशी त्याच दिवशी आहे आणि अख्खं पुणे कात्रजच्या पुढे अडकलेलं असतं. गुरुवारी पहाटे पाचला निघा, गाडी सुरू झाली की ती झोपेल, साताऱ्याच्या आसपास उठली की थांबा, पाजा, तिला गाडीबाहेर काढून मोकळं होऊ द्या, मग पेठ नाक्यापर्यंत चिंता नाही. कार सीट मागे, तोंड मागच्या काचेकडे. मांडीवर घेऊन पुढे बसायचं नाही, ती रडली तरी नाही, गाडी बाजूला घ्या आणि मग घ्या. मला माहितेय सगळे म्हणतील आमची पोरं मांडीवरच वाढली. वाढली खरी, तेव्हा गाड्याही साठच्या वर जात नव्हत्या.

फटाके. लक्ष्मीपूजनाला, म्हणजे 8 तारखेला, सगळ्यात जास्त. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये दिवाळीला रात्री 8 ते 10 अशी वेळ घालून दिली होती, ती किती पाळतात हे तुला नि मला माहिती आहे, पण निदान जोर कधी असतो याचा अंदाज येतो. तुमचं सांगलीचं घर रस्त्यालगत आहे म्हणालीस, तर मागची, शक्यतो माजघराची खोली तिच्यासाठी ठेव. पावणेआठला खिडक्या बंद, पंखा मोठा, तिला अंगाशी घेऊन पाजायला बस. कानात कापसाचे बोळे घालू नकोस, उपयोग फारसा नाही आणि सुटून तोंडात जायची भीती. पूजेला पाच मिनिटं ये, नमस्कार कर, परत जा, कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी हवेत धूर साचलेला असतो, तेव्हा त्या सकाळी प्राजक्त बिजक्त काही नाही, ऊन चढेपर्यंत घरातच. तिला दिवे मात्र भरपूर दाखव. अंगणात पणत्या लागल्या की हातभर लांबून दाखव, एका जागी बसून. पोरगी एकेका ज्योतीवर नजर थांबवते ते बघण्यासारखं असतं, त्याचा व्हिडिओ काढ हवा तर, पण आधी पाच मिनिटं नुसतं बघ.

भाऊबीजेला मामा येणारच आहे तर उष्टावण उरकून घेऊ असं चाललंय म्हणे. नको. ती तेव्हा सहा महिन्यांची होत नाही, 20 ला होते. नऊ दिवसांनी काही आभाळ कोसळत नाही. शनिवार-रविवार, 21-22 नोव्हेंबर ठेवा, तुळशीच्या लग्नाचे दिवस आहेत ते, घरात ऊस नि चिंचा-आवळे आलेले असतील, मामाला तेव्हा बोलवा, मामाच्या मांडीवर बसवून मऊ भाताची पेज नाहीतर मुगाच्या डाळीचं पाणीदार खिमट. साखर नको, मीठ नको, आणि चांदीच्या वाटीत मध आणून ठेवतील तो अजिबात नको, वर्षाच्या आत मधाने खरंच जीवघेणा आजार होऊ शकतो, बॉटुलिझम म्हणतात. शिवाय तुझाही फायदा बघ, ऑफिसचा पहिला आठवडा संपलेला असेल आणि वीकेंडला घरात कार्य असेल. भाऊबीजेला सगळं संपतंय हे जे तुझ्या डोक्यात बसलंय ना, ते रजेचं कॅलेंडर आहे. ऋतू अजून महिनाभर आहे.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. लिस्ट फाडून टाकली, दोन दिवस झोप मिळाली, तरी रडू थांबलं नाही, बाळ झोपल्यावरही तुला झोप लागत नाही, खावंसं वाटत नाही, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, असं दोन आठवडे चाललं तर तो स्वभाव नाही, आजार आहे आणि त्याला औषध आहे. बाळंतपणानंतर वर्षभरात कधीही होऊ शकतो. तुझ्या डॉक्टरांना सांग, किंवा टेलिमानसचा 14416 नंबर आहे, सरकारी, फुकट, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात. नको नको ते विचार मनात आले तर दोन आठवडेही थांबू नकोस, त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांग.

अभ्यंगस्नानाचं राहिलं. तू लिहिलंयस पहाटे साडेचारला बाळाला उटणं लावून आंघोळ घालायची आणि त्याचा फोटो. बाळाची आंघोळ दहाला, ऊन आल्यावर, नेहमीसारखी. उटण्याने तिची कातडी सोलवटेल, वासाचं काय काय असतं त्यात, फार तर तळपायाला एक टिकली लाव. साडेचारला पाटावर तू बस. सासूबाईंना सांग, मला तेल लावून द्या. लाजू नकोस, सरळ सांग. कोमट तेल डोक्यावर, मग मानेवर, पाठीवर, जिथे साडेपाच महिने पोरीला घेऊन घेऊन गाठी आल्यात तिथे. मला माझ्या सासूबाईंनी लावलं होतं, त्याच दिवाळीत, चकल्या बिघडल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, फक्त खांद्याशी आल्यावर अंगठा जरा दाबून धरला, आणि मी पाटावर बसून ढसाढसा रडले, आणि मग भूक लागली.

ता. क. ला उत्तर: कंदील विकत आण. घरी करायचा तो पुढच्या वर्षी, तेव्हा ती खळ चाटेल आणि कागद फाडेल, मजा येईल. यंदा मंडईत जाऊन आण, आणि दिव्यांची माळ नि प्लास्टिकचं काही नको, साधा कागदाचा, लांब झिरमिळ्यांचा बघ. सांगलीहून आल्यावर वाकडच्या बाल्कनीत लाव आणि कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काढू नकोस. 16 ला संध्याकाळी सात-साडेसातला तू दमून घरी येशील तेव्हा हातपाय धू, दिवाणखान्यातला दिवा बंद कर आणि तिला घेऊन कंदिलाखाली आडवी हो.